गावापुरती वीज आणि शिकणारे यंत्र

प्रस्तावना

जुन्नर तालुक्यातल्या दरेवाडीत २०१२ साली सौर ऊर्जेवरची एक छोटी वीजव्यवस्था सुरू झाली. ९.४ किलोवॅटची पॅनेल, बॅटऱ्या आणि इन्व्हर्टर, गावात ओढलेल्या तारा, घरोघरी मीटर, आणि कारभार पाहायला गावातलीच माणसे. घरे जेमतेम चाळीस. शहरातल्या एखाद्या सोसायटीच्या गच्चीवर आज याहून जास्त पॅनेल असतात, त्यामुळे आकडा ऐकून कोणी चमकणार नाही. पण सोसायटीच्या पॅनेलमागे अख्खी ग्रिड उभी असते. ऊन गेले तरी लिफ्ट थांबत नाही. दरेवाडीसारख्या गावामागे असे कोणी नसते. वीज तयार करणे, साठवणे, वाटणे, मागणीशी तिचा मेळ घालणे आणि पैसे वसूल करणे, ही सगळी कामे त्याच गावाला त्याच दिवसाच्या उन्हात उरकावी लागतात. ही कामे यंत्राला, म्हणजे न्यूरल नेटवर्कला, कशी शिकवायची, आणि कोणती अजिबात शिकवू नयेत, हा या पुस्तकाचा विषय आहे.

अशा व्यवस्थेला मायक्रोग्रिड म्हणतात. वीजनिर्मितीची साधने, साठवण आणि वापर हे तिन्ही एका हद्दीत, आणि त्यांचे नियंत्रण एकत्र. ती मोठ्या ग्रिडला जोडलेली असू शकते, पण वेळ आली की स्वतःला सोडवून घेऊन एकटी चालते. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या रॉबर्ट लॅसेटर यांनी २००२ च्या सुमारास ही कल्पना आजच्या रूपात मांडली. मुळात ती वीजउद्योगाइतकीच जुनी आहे. एडिसनने १८८२ मध्ये न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर सुरू केलेले केंद्र आसपासच्या काही गल्ल्यांपुरतेच होते. मधल्या शंभर वर्षांत ग्रिड वाढत वाढत देशभर पसरली, आणि आता स्वस्त पॅनेल व बॅटऱ्यांमुळे छोट्या व्यवस्थेला पुन्हा अर्थ आला आहे. आज मायक्रोग्रिड गावात असते तशी बेटावर, रुग्णालयात, विद्यापीठाच्या आवारात आणि लष्करी तळावरही असते.

एकटे चालता येणे ही काय चीज आहे, ते ११ मार्च २०११ च्या भूकंपानंतर सेंदाई शहरात दिसले. शहराची वीज गेली ती लगेच आलीच नाही. तिथल्या तोहोकू फुकुशी विद्यापीठाच्या आवारात गॅस इंजिने, सौर पॅनेल आणि बॅटऱ्या असलेली एक प्रायोगिक मायक्रोग्रिड होती. सुरुवातीला इंजिने बंद पडली. बॅटऱ्यांनी अत्यावश्यक भार सांभाळला, दुसऱ्या दिवशी इंजिने पुन्हा सुरू झाली, आणि शहर अंधारात असताना तिथल्या रुग्णालयाला वीज मिळाली. उलट बाजूचे उदाहरण आपल्याच घरचे आहे. १२ ऑक्टोबर २०२० चा सोमवार मुंबईकर विसरलेले नाहीत. बाहेरून येणाऱ्या वाहिन्या पडल्या तर शहराने ग्रिडपासून सुटून आपल्या वीजकेंद्रांवर चालायचे, अशी सोय मुंबईला अनेक वर्षे होती. त्या सकाळी ती टिकली नाही आणि लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. मुंबई काही मायक्रोग्रिड नव्हे, पण धडा तोच. सुटून वेगळे होणे हे एका स्विचचे काम आहे. वेगळे झाल्यावर आत तयार होणारी वीज आणि आत लागणारी वीज यांचा मेळ क्षणात बसवणे हे खरे काम.

छोटी व्यवस्था म्हणजे सोपी व्यवस्था, असे अनेक विद्यार्थी धरून चालतात. प्रत्यक्षात उलटे आहे. हजार पानांच्या पंगतीत दहा पाहुणे जास्त आले तर आचाऱ्याला पत्ताही लागत नाही. चौघांच्या घरी दोघे अवचित जेवायला आले की पुन्हा कणीक मळावी लागते. मोठ्या ग्रिडवर कोट्यवधी ग्राहक असतात आणि त्यांचे चढउतार एकमेकांत जिरून जातात. ग्राहक शंभरपट झाले आणि प्रत्येकजण आपापल्या मर्जीने दिवे लावत असेल, तर एकूण मागणीच्या मानाने चढउतार सुमारे दहापट कमी होतात. चाळीस घरांना ही सवलत नाही. तिथे एका माणसाने केलेली एक गोष्ट सगळ्या गावाला जाणवते.

पिठाच्या गिरणीचेच घ्या. पाच हॉर्सपॉवरची मोटर चालू असताना सुमारे चार किलोवॅट घेते, हे दहा किलोवॅटच्या व्यवस्थेला झेपण्यासारखे आहे. पण ती थेट सुरू केली तर पहिल्या काही क्षणांत नेहमीच्या पाच ते सातपट करंट ओढते. इन्व्हर्टर स्वतःला वाचवायला बंद होतो आणि दळण टाकायला आलेल्या बाईपासून अभ्यासाला बसलेल्या पोरापर्यंत सगळ्यांची लाइट जाते. मोटर हळू सुरू करणारे उपकरण बसवले की हा झटका बराच सौम्य होतो, आणि ते बसवलेच पाहिजे. तरी अडचण पुरती संपत नाही. ढगाचेही असेच. जिल्हाभर पसरलेल्या शेकडो सौर प्रकल्पांवर ढग एकाच वेळी येत नाहीत. गावाची पॅनेल मात्र एकाच आवारात असतात. सावली आली की काही सेकंदांत उत्पादन निम्म्याखाली जाऊ शकते. एवढेच काय, ढगाची कड सरकत असताना तिच्यातून विखुरणाऱ्या उजेडामुळे ते काही क्षण निरभ्र दिवसापेक्षाही जास्त होते.

मोठ्या ग्रिडला आणखी एक आधार आहे: फिरणारे वजन. कोयनेची किंवा चंद्रपूरची टर्बाइन आणि जनित्रे अवजड असतात. मागणी एकदम वाढली तर त्या फिरत्या वजनातली ऊर्जा पहिले काही सेकंद तूट भरून काढते, फ्रिक्वेन्सी पन्नास हर्ट्झवरून जरा जरा उतरते, आणि तेवढ्यात वाफ किंवा पाणी वाढवायला उसंत मिळते. पॅनेल आणि बॅटरीवरच्या गावात फिरणारे काहीच नाही. तिथे उसंत असते मिलिसेकंदांची.

या अडचणीवरचा पहिला सुंदर उपाय न्यूरल नेटवर्कचा नव्हता, हे मला मुद्दाम सांगायचे आहे. १९९३ मध्ये मुकुल चांदोरकर, दीपक दिवाण आणि रामबाबू अडापा यांनी एकट्या चालणाऱ्या व्यवस्थेत अनेक इन्व्हर्टर समांतर कसे चालवावेत यावर निबंध प्रसिद्ध केला. चांदोरकर पुढे आयआयटी मुंबईत प्राध्यापक झाले. त्यांच्या रीतीत प्रत्येक इन्व्हर्टर आपल्यावरचा भार वाढला की आपली फ्रिक्वेन्सी किंचित उतरवतो. बाकीच्या इन्व्हर्टरना तो बदल तारेतूनच कळतो आणि ते आपापल्या कुवतीप्रमाणे भार उचलतात. एकमेकांना निरोप पाठवायला वेगळी तार नको, मधला संगणक नको. एक यंत्र बंद पडले तरी उरलेली चालू राहतात. तीस वर्षांनंतरही जगभरच्या मायक्रोग्रिडच्या तळाशी हा विचार आहे. न्यूरल नेटवर्क शिकायला उत्सुक असलेल्या प्रत्येकाने आधी तो पुरता समजून घ्यावा, अशी माझी विनंती आहे. जिथे दोन ओळींचे गणित पुरते आणि ते बरोबर आहे हे सिद्ध करता येते, तिथे लाखभर वजनांचे जाळे आणून बसवण्यात शहाणपण नाही.

मग जाळ्याचे काम काय? ते समजायला वेळेचे तीन थर डोळ्यांपुढे ठेवावे लागतात. सर्वांत खाली मिलिसेकंदांचा थर: व्होल्टेज, फ्रिक्वेन्सी, भाराची वाटणी. त्यावर सेकंद-मिनिटांचा: खालच्या थराने फ्रिक्वेन्सी थोडी ढळू दिली, ती परत जागेवर आणायची. आणि वर तासांचा, दिवसांचा थर: बॅटरी आता भरायची की उद्यासाठी राखायची, पंप कधी लावायचा, ग्रिडकडून वीज कधी घ्यायची आणि कधी द्यायची. डिझेल जनरेटर असेल तर तो कधी सुरू करायचा, हाही याच थराचा प्रश्न. कारण जनरेटर अर्ध्या-पाव भारावर रेंगाळत ठेवला की लिटरमागे युनिटे कमी मिळतात आणि इंजिनात काजळी धरते. जसजसे वर जावे तसतसा भौतिकशास्त्राचा नियम कमी आणि माणसांच्या सवयी, हवामान, सणवार जास्त. ज्या गोष्टींना सूत्र नाही पण नोंदी आहेत, तिथे शिकणारे यंत्र कामाला येते.

न्यूरल नेटवर्कमध्ये जादू नाही. प्रत्येक आकड्याला एका वजनाने गुणायचे, बेरीज करायची, ती एका वक्र फलनातून न्यायची, आणि हेच थरावर थर करत राहायचे. मॅककुलॉक आणि पिट्स यांनी १९४३ मध्ये मज्जापेशीचे असे गणिती रूप मांडले. रुमेलहार्ट, हिंटन आणि विल्यम्स यांच्या १९८६ च्या निबंधाने उत्तरातली चूक मागच्या थरांकडे नेत नेत प्रत्येक वजन थोडे थोडे दुरुस्त करायची रीत सर्वदूर पोचवली. वीज आणि नियंत्रण या क्षेत्रांनी ती फार लवकर उचलली, याची आज अनेकांना कल्पना नसते. येल विद्यापीठातल्या कुंपती नरेंद्र आणि कन्नन पार्थसारथी यांनी १९९० मध्येच ज्यांचे समीकरण पुरते ठाऊक नाही अशा यंत्रणा न्यूरल नेटवर्कने ओळखता आणि आवरता येतात हे दाखवले. पुढच्याच वर्षी वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी सिएटल परिसराच्या वीजमागणीचा अंदाज न्यूरल नेटवर्कने बांधला. १९९७ मध्ये होखराइटर आणि श्मिटहुबर यांनी मागचे बरेच काही ध्यानात ठेवणारी रचना दिली, आणि काल-परवाच्या उन्हावरून उद्याचे ऊन ओळखण्यासाठी ती फार वापरली गेली. तेव्हा हे काही अलीकडचे फॅड नव्हे. नवे आहे ते इतकेच, की आता हे गणित हातात मावणाऱ्या स्वस्त बोर्डवर चालते आणि गावच्या बॅटरीखोलीत बसते.

ते नेमके काय ठरवते, हे एका दुपारवरून पाहू. समजा, जुलै महिना आहे आणि तीन वाजले आहेत. गावाची बॅटरी चाळीस युनिटांची आहे, तिच्यात ५५ टक्के चार्ज आहे, आणि ती वीस टक्क्यांखाली उतरू द्यायची नाही असा नियम आहे. म्हणजे हाताशी चौदा युनिटे. गिरणीवाल्याला तासभर दळण काढायचे आहे, त्याला जवळपास चार युनिटे लागतील. साध्या नियमावर चालणारा नियंत्रक बॅटरीचा आकडा पाहतो, निम्म्याहून जास्त आहे असे म्हणतो, आणि गिरणी चालू देतो.

शिकलेले नेटवर्क आणखी काही पाहते. सकाळपासूनचे ऊन, हवेतली आर्द्रता, गेल्या तासातले चढउतार, आणि मागच्या पावसाळ्यातल्या अशाच दुपारी पुढे काय झाले याचा वजनांमध्ये मुरलेला अनुभव. त्यावरून ते म्हणते, सूर्य मावळेपर्यंत दिवसाचा वापर वजा जाता आणखी सहा युनिटे मिळावीत. झाली वीस. आज रात्री गावाला लागतील अठरा. उरतात दोन, आणि गिरणीला हवीत चार. गिरणी लावली तर रात्री दहाच्या सुमारास दिवे जातील. म्हणून नेटवर्क सुचवते, दळण उद्या अकराला काढा.

इथपर्यंत सोपे आहे. पण ढग दाट झाले आणि सहाऐवजी तीनच युनिटे आली तर? मग गिरणी न लावताही रात्रीला एक युनिट कमी पडते. म्हणून एकच आकडा सांगणारा अंदाज इथे अपुरा आहे. बहुधा सहा, पण दहातल्या एका दिवशी तीनहूनही कमी, असे सांगणारा अंदाज हवा. तो मिळाला तर सार्वजनिक दिव्यांपैकी निम्मे आठलाच बंद करून आरोग्य उपकेंद्राच्या लसींच्या फ्रिजला पुरेशी वीज राखून ठेवता येते.

यातून एक प्रश्न निघतो आणि माझ्या मते तो या विषयाचा गाभा आहे. नेटवर्कला शिकवताना चूक कशी मोजायची? बहुतेक पाठ्यपुस्तके चुकीचा वर्ग घेऊन सरासरी काढायला सांगतात. त्या मोजणीत तीन युनिटे जास्त सांगणे आणि तीन युनिटे कमी सांगणे सारखेच. गावात ते सारखे नाही. कमी सांगितले तर दळण उद्यावर जाते. जास्त सांगितले तर लसींचा फ्रिज बंद पडतो, किंवा बॅटरी तळापर्यंत उपसली जाते. आणि शिसे-आम्लाची बॅटरी वारंवार अशी उपसली की तिचे आयुष्य झपाट्याने घटते. नवी बॅटरी घ्यायचे पैसे कारभार पाहणाऱ्या गावसमितीकडे सहसा नसतात. तेव्हा जास्त सांगण्याच्या चुकीला जास्त दंड लावणारे सूत्र वापरावे लागते. गणितात ते एका ओळीचे काम आहे. पण दंड किती पट लावायचा, हे कोण ठरवणार? गिरणीवाला एक उत्तर देईल, आरोग्यसेविका दुसरे, आणि गावाच्या टोकाला, तार संपते तिथे राहणारी म्हातारी तिसरे. तिथे व्होल्टेज आधीच कमी पोचलेले असते. अभियंत्याने प्रयोगशाळेत बसून निवडलेला आकडा या तिघांच्याही आयुष्यात शिरतो. हा आकडा गावसभेपुढे मांडून ठरवावा, असे मला मनापासून वाटते. तो मांडता येईल इतक्या सोप्या भाषेत अभियंत्याला बोलता आले पाहिजे.

यापुढचे पाऊल म्हणजे अंदाजापुरते न थांबता निर्णयही यंत्रानेच घेणे. करून पाहायचे, फळ मिळाले की ती कृती पक्की करायची, तोटा झाला की टाळायची, अशी शिकण्याची पद्धत यासाठी वापरतात. ती आकर्षक आहे आणि तिच्यावर सध्या पुष्कळ लिहिले जाते. पण करून पाहणे म्हणजे चुकून पाहणे, आणि जिवंत गावावर हजारो चुका करता येत नाहीत. त्यामुळे आधी संगणकावर गावाची प्रतिकृती बनवून तिच्यावर शिकवतात. प्रतिकृतीतली बॅटरी जुनी होत नाही, तिच्या जोडण्यांना गंज चढत नाही, पॅनेलवर उन्हाळी धूळ बसत नाही. कोणी वीज चोरायला तारेवर आकडा टाकत नाही. या तफावतीमुळे प्रतिकृतीत उत्तम ठरलेला नियंत्रक प्रत्यक्षात भलतेच काही करू शकतो.

उपाय आहे. नेटवर्कने सुचवावे, आणि त्याच्या खाली साध्या, तपासता येणाऱ्या नियमांचा पहारा असावा. बॅटरी वीस टक्क्यांखाली नाही म्हणजे नाही. दोष आला की ब्रेकर पडणारच. नेटवर्कला त्याबाबत मत विचारायचे नाही. त्याचे काम थांबले, बोर्ड जळाला, मोबाइलची रेंज गेली, तरी गाव जुन्या नियमांवर चालू राहिले पाहिजे. हीच गोष्ट इंटरनेटची. निर्णयासाठी दूरच्या सर्व्हरवर अवलंबून असलेली यंत्रणा डोंगरातल्या गावाला देऊ नये. शिकवण्याचे जड काम शहरात होऊ द्या, शिकलेली वजने मात्र गावात राहू द्या.

पहाऱ्यासारखीच गरज आहे कारण सांगण्याची. यंत्रणा सांभाळणारा मुलगा गावातलाच असतो, कदाचित बारावी झालेला. आज गिरणी का बंद ठेवली, असे चार माणसांनी विचारले तर त्याला उत्तर देता आले पाहिजे. पडद्यावर नुसते ‘परवानगी नाही’ दिसले तर दोन आठवड्यांत तो नियंत्रक बाजूला काढून थेट जोडणी करेल, आणि त्यात त्याचा दोष नसेल. रात्रीला अठरा लागतील, वीस मिळतील, म्हणून चारची परवानगी नाही, एवढी एक ओळ दिसली तर तोच मुलगा गिरणीवाल्याला समजावून सांगेल.

आणि काही गोष्टी कोणत्याही नेटवर्कच्या आवाक्याबाहेरच्या आहेत. बिहारमधल्या जहानाबाद जिल्ह्यातल्या धरनई गावात २०१४ मध्ये शंभर किलोवॅटची सौर मायक्रोग्रिड मोठा गाजावाजा होऊन सुरू झाली. गावात उजेड आला, त्यामागे टीव्ही आणि फ्रिज यायला लागले, आणि मोजूनमापून बसवलेली क्षमता तोकडी पडली. पाठोपाठ सरकारी ग्रिड गावात पोचली, तिची वीज स्वस्त होती. काही वर्षांत बॅटऱ्या संपल्या आणि मायक्रोग्रिड बंद पडली. लोकांना दिवा मिळाला की पंखा हवासा वाटणारच, आणि तो त्यांना मिळालाच पाहिजे. असलेल्या युनिटांची वाटणी नेटवर्क शहाणपणाने करू शकते. नसलेली युनिटे आणि न परवडणारा दर यांवर त्याच्याकडे काही नाही. म्हणून मी या विषयाच्या विद्यार्थ्यांना क्षमता ठरवण्याचे आणि दर ठरवण्याचे प्रकरण टाळून पुढे जाऊ देत नाही.

शेवटी नोंदींबद्दल. भीमाशंकरच्या बाजूचा पावसाळा आणि विदर्भातला उन्हाळा यांत एका यंत्राचे शिक्षण दुसऱ्याला जसेच्या तसे चालत नाही. दुसऱ्या देशातल्या नोंदींवर शिकलेल्या नेटवर्कला गणपतीचे दहा दिवस माहीत नसतात, परीक्षेच्या दिवसांत घराघरांत रात्री उशिरापर्यंत जळणारे दिवे माहीत नसतात. दूरच्या नोंदींवर प्राथमिक शिक्षण आणि मग गावाच्या नोंदींवर दुरुस्ती, ही वाट व्यवहार्य आहे. पण त्यासाठी गावाच्या नोंदी हव्यात, निदान एक पावसाळा आणि एक उन्हाळा भरतील इतक्या. दर पंधरा मिनिटांना ऊन, उत्पादन, बॅटरीचा चार्ज, प्रत्येक फेजचा भार. लाइट गेली तर किती वाजता गेली आणि का. पॅनेल कोणत्या तारखेला धुतली, बॅटरीत पाणी कधी घातले, गावात लग्न कधी होते. यातले निम्मे मीटर आपोआप टिपतो, उरलेले कोणीतरी वहीत लिहावे लागते. ती वही कशी आखायची, पहिल्या प्रकरणाची सुरुवात तिथून आहे.